झाकून पाहिलेलं चित्र

ताडकळस
२० जून २०२४

ती. व्यंकटमामा,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून नवल वाटेल. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मामींच्या तोंडून सांगायचं हे बोलणं नाही, म्हणून लिहायला बसले.

ईश्वरीला आम्ही या वर्षी शाळेतून घरी ठेवलंय. नाव चौथीच्या पटावर आहे, गुरुजी म्हणाले परीक्षेला तेवढी आणा. स्वरदा गेल्यापासून ती बोलायचीच बंद झाली. हो, नाही, भूक लागली, बस. वर्गातल्या पोरी तिला म्हणतात, हिनं बहिणीला बुडू दिलं. मग शाळेच्या वाटेवरच तिला उलट्या व्हायला लागल्या.

तुम्ही तेव्हा येऊ शकला नव्हतात, म्हणून सांगते. महालक्ष्म्यांचा दिवस होता. दोघी शेततळ्याच्या बांधावर खेळत होत्या. आठ वर्षांची ही, सहाची ती. स्वरदाचा पाय तळ्याच्या प्लास्टिकवरून घसरला. ईश्वरी पळत घरी आली आणि उंबऱ्यात नुसती उभी राहिली. काही बोलली नाही, असं सगळे म्हणतात. आम्हाला कळेपर्यंत उशीर झाला होता. सासूबाई अजून तिला स्वतःच्या हातानं वाढत नाहीत. ईश्वरीच्या पप्पांनी तर त्याच दिवशी तिला मारलं होतं. आता मारत नाहीत. बघतही नाहीत.

माझं डी.एड. झालेलं आहे, नोकरी लागली नाही ती नाहीच. गणित, भाषा मी घेते. ती पाटीवर लिहून दाखवते, बरोबर असतं. पण एक गोष्ट ती आपल्या मनानं करते. खताच्या दुकानातून मिळालेलं कॅलेंडर भिंतीवर आहे, त्यावरच्या चित्रासमोर ती तासतास बसते. म्हणून तुमची आठवण झाली. लहानपणी उन्हाळ्यात तुम्ही हैदराबादहून यायचात आणि आम्हा भाच्यांना चित्रं दाखवायचात. काढायला नव्हे, बघायला शिकवायचात. ते कसं शिकवायचं, मला लिहून कळवाल का? मला आता नीट आठवत नाही.

मामींना नमस्कार.

आपली,
राजेश्री

*

काचीगुडा, हैदराबाद
२९ जून २०२४

चि. राजेश्रीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. चाळीस वर्षं मराठी शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो, पण चित्र बघायला शिकवा असं एकाही पालकानं कधी म्हटलं नाही. सगळ्यांना पोरगं चित्र काढणारं हवं असायचं.

सोबत एक चित्र पाठवतोय. बाई आणि पोपटाचं, जुन्या दख्खनी शैलीतल्या चित्राची छापील प्रत आहे, जुन्या डायरीतून कापून घेतली. मोबाईलवर पाठवा म्हणून तुझी मामी प्रभावती म्हणाली. मी म्हटलं, पडद्यावरचं चित्र बोटानं सरकतं, कागदावरचं थांबतं.

आता नीट ऐक. चित्र पोरीच्या डोळ्यांच्या उंचीवर लाव, तुझ्या नव्हे. कुणाचं, कधीचं, काही सांगू नको. दोघींनी गप्प बसून बघायचं, इत्मिनानानं, घाई न करता. मग विचार, काय दिसतं? नजर आधी कुठं गेली, तिथून कुठं गेली? ह्यातून काय बोध होतो, हे चुकूनही विचारायचं नाही. त्या एका प्रश्नानं शाळेशाळेतली पोरं चित्राला भ्यायला लागली. ती काही म्हणाली तर चूक म्हणू नको, शाबासही म्हणू नको. "ते तुला कुठं दिसलं, दाखव," एवढंच म्हण.

आणखी एक. चित्रातली एखादी गोष्ट तळहातानं झाकायची आणि बाकीचं काय होतं ते बघायचं. पुन्हा उघडायचं. कुठली गोष्ट चित्रात कशासाठी आहे, हे तिला कुणी न सांगता कळेल.

ईश्वरीविषयी माझं मत सांगतो. भीतीनं मोठ्या माणसाची वाचा बसते, ती तर आठ वर्षांची पोर. तिला सांगता आलं नाही हा तिचा गुन्हा नाही. तुम्ही सगळ्यांनी तिला माफ केलं पाहिजे. जावई परमेश्वररावांना आणि तुझ्या सासूला, दगडाबाईंना, माझं नाव घेऊन सांग. आई म्हणून तू आधी माफ कर.

तुझा,
व्यंकटमामा

*

ताडकळस
१४ जुलै २०२४

ती. व्यंकटमामा,

चित्र मिळालं. धान्याच्या कोठीच्या खोलीत लावलंय, तिथं कुणी येत नाही.

पहिले चार दिवस ती बोलली नाही. मी विचारायचे आणि गप्प बसायचे. पाचव्या दिवशी मी पीठ चाळायला घेतलं तर मागून आवाज आला, "पोपट बाईकडं बघंना गेलाय."

माझ्या हातातली चाळणी तशीच राहिली. तुम्ही सांगितलं तसंच म्हणाले, "कुठं दिसलं, दाखव."

तिनं बोट ठेवलं. "बाई त्याला दाणा द्यायलीय. त्याचं ध्यान झाडाकडं हाय. त्याला जायचंय."

मग दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, हितं किती वाजले असतील?" मी म्हणाले, कामून? तर म्हणते, "कुणाचीच सावली न्हाई. बाईची न्हाई, झाडाची न्हाई." मामा, मी एवढी शिकलेली, मला ते दिसलं नव्हतं. आता तुम्हीच सांगा तिथं किती वाजलेत.

झाकून बघायचा खेळ तिला लय आवडला. पोपट झाकला की म्हणते, बाई येडी दिसायली, हात कुणापुढं करायलीय कळंना. बोलताना हसली नाही, पण बोलली. एका आठवड्यात जेवढं बोलली तेवढं दहा महिन्यांत बोलली नव्हती. हे सगळं कोठीच्या खोलीत. बाहेर आली की पुन्हा ओठ मिटलेले.

पुढचं चित्र पाठवा. माणसांचं पाठवा, असं ती म्हणते. घरातलं.

माफीचं तुम्ही लिहिलं होतं. ते मी घरात वाचून दाखवलं नाही.

राजेश्री

*

काचीगुडा
२३ जुलै २०२४

चि. राजेश्री,

सावलीचं वाचून मी खुर्चीतून उठलो आणि प्रभावतीला तो परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवला. तिला ऐकू येतं, मोठ्यानं वाचायची गरज नव्हती. ईश्वरीला सांग, त्या चित्रकारांनी वेळ काढलीच नाही. त्यांच्या चित्रात सकाळ-संध्याकाळ होत नाही, म्हणून कुणी म्हातारंही होत नाही. उत्तर बराबर आहे की नाही, हे तिनं चित्राला विचारावं.

घरातलं चित्र हवं म्हणते, तर माझ्याच हातचं जलरंगातलं चित्र पाठवतोय. पंचवीस वर्षांपूर्वीचं आहे. बाई सुपात ज्वारी निवडते आहे आणि दारात एक पोर उभी आहे. माझ्या मते माझं हे एकच काम बरं उतरलंय. प्रत नाही, मूळच पाठवतोय. जपून लाव.

ती काय म्हणते ते शब्द न् शब्द कळव.

व्यंकटमामा

*

ताडकळस
८ ऑगस्ट २०२४

ती. मामा,

चित्र पोचलं. पुढचं पाठवू नका. इकडे पाऊसपाणी ठीक आहे, सोयाबीन बरं आहे. मामींना नमस्कार.

राजेश्री

*

काचीगुडा
१७ ऑगस्ट २०२४

चि. राजेश्री,

तुझं तीन ओळींचं पत्र आलं. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. पोरीला माझं चित्र आवडलं नसेल, तर तसं लिहायचं. त्या बाईचा डावा हात जरा फसलाय हे मला माहीत आहे, एखाद्या पोरीनं ते पकडलं तर मी उलट खूशच होईन. सोयाबीन कसं आहे, हे मी विचारलं नव्हतं.

रात्रभर हेच डोक्यात होतं. सकाळी प्रभावती म्हणाली, "सगळं तुमच्या चित्राभोवतीच फिरतं का हो? तिकडं घरात काही झालं असेल." तेव्हा लाज वाटली.

पोर आजारी आहे का? पुन्हा बोलायची थांबली का? माझ्या चित्रानं काही बिघडलं असेल तर सांग. मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. मला काही सांगितलं तर ते इथून बाहेर कुठं जाणार नाही.

व्यंकटमामा

*

ताडकळस
२८ ऑगस्ट २०२४

ती. मामा,

तुमच्या चित्रात काही वाईट नाही. बसल्या बैठकीला लिहिते, नाहीतर लिहिणार नाही.

ईश्वरी त्या चित्रासमोर तीन दिवस बसली. चौथ्या दिवशी तिनं दारातली पोर तळहातानं झाकली आणि म्हणाली, "लेकरू झाकलं की बाई निवांत दिसती."

हात काढला. बराच वेळ बघत राहिली.

"उघडलं की?" मी विचारलं.

"उघडलं की ती बाई वाईट दिसती."

"कुठं दिसलं, दाखव." मामा, मी हे म्हणाले. सवयीनं तोंडातून गेलं.

तिनं बाईच्या मानेवर बोट ठेवलं. "मान वर करंना गेलीय. लेकरू काहीतरी सांगायलंय तिला."

एवढं म्हणून तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. उठली, चित्र भिंतीवरून काढलं, पोत्यांच्या मागं पालथं ठेवलं आणि बाहेर गेली. तेव्हापासून गप्प आहे.

ती त्या दिवशी बोलली होती, मामा.

मी पावलं काढत होते. महालक्ष्मीची पावलं, उंबऱ्यापासून देवघरापर्यंत. मोडू नयेत म्हणून मागं मागं सरकत काढायची, म्हणजे तोंड दाराकडंच होतं माझं. ती पळत आली. मला तिचे फक्त पाय दिसले, चिखलानं भरलेले. ती म्हणाली, "आई, स्वरू..."

मी म्हणाले, "आत पाय टाकू नको, पावलं मोडतील. थांब तिथंच."

ती म्हणाली, "आई, स्वरू तळ्यात..."

मी म्हणाले, "थांब म्हणलं ना!"

आणि ती थांबली. कारण मी तिला तसंच वळण लावलं होतं. सगळ्या आळीत म्हणायचे, राजेश्रीच्या पोरी एका शब्दात ऐकतात. माझी देवघरापर्यंतची पावलं राहिली होती, ती मी काढली. वर हळदीकुंकू वाहिलं. मान वर केली तेव्हा तिनं चौकट दोन्ही हातांनी धरली होती आणि तिच्या फ्रॉकमधून पाणी गळत होतं. तिनं बहिणीला ओढायचा प्रयत्न केला होता, मामा. मग घरी आली होती.

मी पावलं तुडवत पळाले.

नंतर अंगणात माणसं जमली. ह्यांनी तिचे खांदे धरून विचारलं, "कामून सांगितलं न्हाईस? तोंड न्हवतं का तुला?" तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तिथंच होते, दोन हातांवर. ह्यांनी तिला थोबाडीत मारली. मी काही बोलले नाही. त्या वेळी वाटलं, स्वरदाला उचलू देत, मग सांगीन. मग वाटलं, दहावा होऊ दे. मग सगळे धरूनच चालले की ती बोलली नाही. आणि तीही बोलायची थांबली. मला वाटलं, ती विसरली असेल. खरं म्हणजे मला तसं वाटायला हवं होतं.

तुम्ही लिहिलंत, आई म्हणून तू आधी माफ कर. ते वाचून मी कोठीच्या खोलीत तोंडात पदर कोंबून बसले होते.

आता मला शिव्या द्या. पण पत्र लिहा.

राजेश्री

*

काचीगुडा
४ सप्टेंबर २०२४

राजेश्री,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं.

तुझा राग आला. तो लपवून गोड लिहिलं तर तेही खोटंच होईल. तुला धीर देईल असं वाक्य माझ्याजवळ नाही. मान लगेच वर केली असतीस तर लेकरू वाचलं असतं का, हे मला माहीत नाही, तुलाही कधी कळणार नाही. त्याला कुणाचाच इलाज नाही.

पण ईश्वरीचं तसं नाही. एक पोर गेली, दुसरी अजून दारातच उभी आहे. तू "ये" म्हणाल्याशिवाय ती आत यायची नाही.

तिला एकटीला जवळ घेऊन सांगितलंस तर ते पुरेसं नाही. दोष चारचौघांत लावला गेला, तर तो काढायचाही चारचौघांतच. नवऱ्यासमोर, सासूसमोर. तुझ्या संसाराचं पुढं काय होईल, हे मी सांगू शकत नाही. परमेश्वरराव माणूस म्हणून चांगले आहेत, पण हे ऐकल्यावर ते तुला कदाचित कधीच माफ करणार नाहीत. हे ठाऊक असूनही सांग असंच मी म्हणतो.

आणि मी न बघता, न विचारता त्या पोरीला माफ करा म्हणून लिहिलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांना नीट बघा म्हणून शिकवलं मी. ईश्वरीला सांग, हैदराबादच्या आजोबांचं चुकलं. त्यांनी तिची माफी मागितली आहे.

व्यंकटमामा

*

ताडकळस
२ ऑक्टोबर २०२४

ती. मामा,

उत्तराला उशीर झाला. घरात कागद-पेन घेऊन बसण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

यंदा महालक्ष्म्या बसवल्या नाहीत. स्वरदाचं वर्षाचं म्हणून सात पोरी जेवायला बोलावल्या होत्या. पोरी जेवून गेल्या. मग घरचीच पानं वाढली, हे, सासूबाई आणि दीर लिंबाजी. ईश्वरी नेहमीसारखी कोपऱ्यात, वेगळी. मी वाढत होते. भाजीचं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाले, "मला सांगायचंय. ईश्वरी त्या दिवशी बोलली होती. मला दोनदा सांगितलं तिनं. मी तिला थांब म्हणाले."

सासूबाई म्हणाल्या, "काय म्हणलीस?"

मी पुन्हा सांगितलं. पावलं, चिखलाचे पाय, सगळं. कुणाच्या तोंडात घास गेला नाही.

हे उठले. हात उष्टाच होता. माझ्यापुढं येऊन उभे राहिले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "मी हिला मारलं. तुझ्यासमोर मारलं. तू बघत होतीस उभी राहून."

"हो," मी म्हणाले.

"वरीसभर मी लेकराचं तोंड बघितलं न्हाई, राजे. वरीसभर." आणि ते रडत रानाकडं निघून गेले. लिंबाजीभाऊजी त्यांच्या मागं गेले.

सासूबाईंना गुडघ्यांनी उठवत नाही. त्या बसल्या बसल्या सरकत कोपऱ्यापर्यंत गेल्या, ईश्वरीचं पान ओढून घेतलं आणि तिच्या तोंडाशी घास धरला. "खा माय. खा. माझंच तोंड जळू दे, खा."

ईश्वरीनं घास घेतला नाही. ती माझ्याकडं बघत होती. म्हणाली, "आई, मी हळू बोलले होते. म्हणून तुला आयकू आलं न्हाई. मोठ्यानं बोलायला पायजे होतं मी."

मामा, ती वर्षभर हे धरून बसली होती. मला वाचवायला. तेव्हासुद्धा मला 'हो' म्हणता आलं असतं. सगळं थोडं सोपं झालं असतं, तिलाही आई राहिली असती.

मी म्हणाले, "न्हाई बाळा. तू मोठ्यानं बोलली होतीस. मला आयकू आलं होतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. चित्राकडं बघते तशी, सावकाश, सगळीकडं. मग वळून आजीच्या हातचा घास घेतला.

तुमची माफी मी तिला वाचून दाखवली. तिनं विचारलं, "ते खरंच म्हातारे हायेत का?" मी म्हणाले, हो. "मग असू दे," म्हणाली.

हे आठ दिवस घरी आले नाहीत, भाऊजींकडं जेवले. नवव्या दिवशी तारेच्या जाळीचं भेंडोळं घेऊन आले आणि एकट्यानं तळ्याला चारी बाजूंनी जाळी लावली. आता घरात असतात. पाणी दे, पोतं कुठंय, एवढंच माझ्याशी. ईश्वरीला मोटारसायकलवर शाळेत सोडतात. पहिल्या दिवशी वर्गात जाऊन त्यांनी सगळ्या पोरींना सांगितलं म्हणे, माझी लेक सांगायला पळत आली होती, आमीच बहिरे होतो. 'आमी' म्हणाले. माझं नाव घेतलं नाही.

ईश्वरी आता बोलते. शाळेतलं आजीला सांगते, पप्पांना सांगते. माझ्याशी हो, नाही, भूक लागली, एवढंच. कोठीच्या खोलीत ये म्हणाले तर म्हणाली, "आता नको." मी पुन्हा विचारणार नाही. तुमचं जलरंगातलं चित्र कापडात गुंडाळून रजिस्टर पोस्टानं पाठवतेय. डाव्या हाताचं तुम्ही लिहिलं होतं, मला तो फसलेला वाटला नाही.

काल दिवेलागणीला मी भाकरी थापत होते. बाहेर बाजेवर आजी-नात बसल्या होत्या. प्रियांका म्हणून वर्गातली एक मुलगी आहे, ती कविता कशी म्हणते त्याची ईश्वरी नक्कल करून दाखवत होती. म्हणता म्हणता तिला हसू फुटलं. मोठ्यानं हसली, थांबेचना. सासूबाईही हसायला लागल्या. मी तव्यावरची भाकरी उतरवली आणि हात तसेच पिठाचे ठेवून ऐकत बसले. दारात जाऊन बघावं, असं फार वाटलं. गेले नाही. मी दिसले असते तर ती हसायची थांबली असती.

आपली,
राजेश्री